बोर्ड बदलण्याआधी केबल तपासा, आणि फोन देण्याआधी फोटो काढून घ्या

आपला प्रश्न वाचला. फोन लॅपटॉपला जोडला की चार्ज होतो, पण लॅपटॉपवर त्याचे नाव उमटत नाही. सेवा केंद्राने चार्जिंगचा बोर्ड, म्हणजे केबल लावायची जागा ज्यावर असते ती फोनमधली छोटी पट्टी, बदलावा लागेल असे सांगितले आहे. आणि त्यावर खर्च करण्यापेक्षा केबलचा नाद सोडून सरळ वाय-फायवर जावे का, असे आपण विचारता. नेमक्या याच अडचणीतून मी गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी तंत्रज्ञ नाही आणि माझा अनुभव मुख्यतः अँड्रॉइड फोन व विंडोजचा आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे. फोनचे कुलूप उघडून नोटिफिकेशनमधून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडणे, लॅपटॉपचा दुसरा पोर्ट वापरून पाहणे वगैरे आपण केलेच असणार, त्यामुळे त्यात शिरत नाही.

बोर्डाचा निर्णय आज घेऊ नका. फोन चार्ज होतो याचा अर्थ वीज पोहोचते आहे आणि माहिती तेवढी अडते आहे. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी माहितीसाठी. पॉवर बँक, ट्रिमर, हेडफोन अशा वस्तूंबरोबर येणाऱ्या कित्येक केबलांत हिरवी-पांढरी जोडी घातलेलीच नसते, आणि घरात सगळ्या केबली एकाच खणात पडून असल्यामुळे कोणती कशाबरोबर आली हे कोणालाच सांगता येत नाही. केबलचे लॅपटॉपकडचे चपटे टोक उजेडात धरून आत पाहा. प्लास्टिकच्या जिभेवर चार पट्ट्या दिसतात, कडेच्या दोन थोड्या लांब आणि मधल्या दोन किंचित आखूड. मधल्या दोन नसतील तर ती केबल केवळ चार्जिंगची आहे. चारही पट्ट्या आहेत म्हणून आत चारही तारा असतीलच असे मात्र नाही, म्हणून खरी परीक्षा निराळी: लॅपटॉपवर ‘डिव्हाइस मॅनेजर’ (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडा आणि मग फोन जोडा. यादी जराही हलली नाही तर पहिला संशय केबलवर घ्यावा. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ असे काही उमटले तर माहितीच्या तारांतून थोडेफार पोहोचते आहे, पण जोडणी पुरी होत नाही; तेव्हा फोनच्या चार्जिंग पिनेत साचलेली खिशातली लव, सैल झालेला सांधा किंवा ड्रायव्हर (फोन ओळखायला विंडोजला लागणारे सॉफ्टवेअर) यांच्याकडे पाहावे. लव काढायची असेल तर फोन बंद करून लाकडी दातकोरण्याने हलक्या हाताने काढा, टाचणीने नको.

माझ्या वेळी एका सेवा केंद्राने, ज्याचे नाव मी लिहीत नाही, यातले काहीही केले नाही. काउंटरवरच्या माणसाने माझीच केबल माझ्या फोनला लावली, संगणकावर काही दिसले नाही, आणि ‘चार्जिंग बोर्ड गेला’ हे निदान पावतीवर लिहिले गेले. बोर्ड बदलूनही फोन दिसेना, कारण तपासायला पुन्हा तीच केबल होती. मग ‘सॉफ्टवेअर मारावे लागेल’ म्हणून फोन आत गेला आणि बाहेर आला तो कोरा होऊन. त्यात आमच्या शेताच्या मोजणीच्या दिवशी काढलेले सगळे फोटो होते, हद्दीच्या प्रत्येक खुणेचा एक जवळून आणि एक दुरून, बांधावरचे झाड चौकटीत येईल असा. मोजणीच्या नकाशाची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयातून पुन्हा मिळते. पण पुढच्या पावसाळ्यात जो बांध खचला, त्यावरची खूण आधी कुठे होती हे शेजाऱ्याला दाखवायला ते फोटोच हवे होते. जाब विचारला तेव्हा पावतीच्या मागची बारीक अक्षरातली ओळ दाखवण्यात आली, डेटाची जबाबदारी ग्राहकाची. नंतर एका झेरॉक्सच्या दुकानात कागद छापायला गेलो असता दुकानदाराने स्वतःची केबल लावली आणि फोन लगेच दिसला.

बोर्डाच्या पैशांचा मला फारसा राग नाही. राग याचा आहे की त्या दिवशी फोन चालू होता, स्क्रीन चालू होती, वाय-फाय चालू होते, आणि केबलने न दिसणाऱ्या फोनमधले सगळे फोटो वाय-फायने बाहेर काढता येतात हे एक वाक्य तिथे कोणीही उच्चारले नाही. रोज असे फोन हाताळणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. लोकांच्या घरातल्या माणसांचे आवाज, कागदपत्रे, लहान मुलांचे फोटो ज्या वस्तूत आहेत ती पुसण्याआधी तोंडी विचारणेसुद्धा ज्यांना जड जाते, त्यांच्या निदानावर आपण विसंबून राहू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून आपल्यासाठी वाय-फायचा पहिला उपयोग आजच आहे. फोनवर आणि लॅपटॉपवर ‘लोकलसेंड’ हे फाइल पाठवण्याचे अ‍ॅप टाका. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे व अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालते. गूगलचे ‘क्विक शेअर’ही विंडोजवर मिळते. दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर असली की फाइल घरातल्या घरात जाते आणि इंटरनेटचा पॅक खर्च होत नाही. अनेकांना उगाच ती भीती असते. यंत्रे एकमेकांना दिसत नसतील तर विंडोजमध्ये ते वाय-फाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदले आहे का ते पाहून ‘प्रायव्हेट’ करा. वसतिगृहात किंवा कार्यालयात मात्र बरेचदा राउटरवरच यंत्रांना एकमेकांपासून तोडलेले असते. तिथे फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्याला जोडावा आणि मोबाइल डेटा बंद ठेवावा, नाहीतर विंडोजचे अपडेट सुरू होऊन दिवसाचा पॅक तिथेच संपतो. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो सापडत नसतील तर अँड्रॉइड ११ पासूनच्या फोनवर ते बहुधा ‘अँड्रॉइड’ फोल्डरातल्या ‘मीडिया’ मध्ये असतात, जुन्या जागी नाही.

आता कायमचे काय ठेवावे, या आपल्या मूळ प्रश्नाकडे. माझे मत केबलच्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण वेग व भरवसा. यूएसबी २.० ची कागदावरची गती सेकंदाला ४८० मेगाबिट (आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट) असली तरी प्रत्यक्षात ३० मेगाबाइटच्या आसपास मिळते. तेवढ्यातही २० जीबी व्हिडिओ दहा-बारा मिनिटांत उतरतात. जुन्या २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायवर सेकंदाला ५ मेगाबाइट मिळाले तर त्याच कामाला तासाहून अधिक लागतो. ब्लूटूथचा विचारही करू नका. सेकंदाला पाव मेगाबाइटसुद्धा जेमतेम मिळते, म्हणजे २० जीबीला जवळपास अख्खा दिवस लागेल. ५ गिगाहर्ट्झचा चांगला राउटर असेल तर वाय-फाय जुन्या केबलच्या बरोबरीला येते हे मान्य, पण एक बाब लोक विसरतात: फोन आणि लॅपटॉप दोन्ही वाय-फायवर असतील तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा प्रवास करते, एकदा राउटरपर्यंत आणि एकदा तिथून पुढे, त्यामुळे गती सुमारे निम्मी होते. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडला की हा तोटा जातो. मात्र राउटरचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचा असेल तर ११-१२ मेगाबाइटच्या वर काही मिळणार नाही. रोजचे चार फोटो, एखादी पीडीएफ, यांसाठी वाय-फाय उत्तम आहे आणि मीही तेच वापरतो. महिन्याचा साठा उतरवताना, लग्नाचे व्हिडिओ हलवताना किंवा फोनचे इंटरनेट लॅपटॉपला तासन्‌तास द्यायचे असताना केबलच हवी. हॉटस्पॉटने बॅटरी तापते आणि उतरते, तर यूएसबी टेदरिंगमध्ये, म्हणजे केबलने इंटरनेट देताना, फोन चार्जही होत राहतो.

केबलने उतरवतानाही ‘कट’ कधीही करू नका. अँड्रॉइड फोन संगणकाला पेन ड्राइव्हसारखा दिसत असला तरी मधला एमटीपी प्रोटोकॉल, म्हणजे फोन-संगणकातली फाइली देण्याघेण्याची पद्धत, हजारो फाइलींच्या फोल्डरात अडखळतो आणि हलवणे मध्येच तुटते. थोड्याथोड्या फाइली ‘कॉपी’ करा, संगणकावर उघडून पाहा, मगच फोनवरून पुसा. टाइप-सी म्हणजे वेगवान, हाही समज काढून टाका. चार्जरबरोबर येणाऱ्या बहुतेक टाइप-सी केबली माहितीच्या बाबतीत २.० च्याच गतीच्या असतात, आणि २०२३ च्या साध्या आयफोन १५ चा टाइप-सी पोर्टसुद्धा त्याच गतीचा आहे. म्हणून महागडी केबल घेण्याआधी आपला फोन किती गती देतो ते पाहावे. नसता पैसे वाया जातील.

केबल बदलूनही लॅपटॉपला काहीच दिसले नाही आणि दुसऱ्या संगणकावरही तेच झाले, तर मात्र बोर्ड किंवा पिन खराब असण्याची शक्यता खरी धरावी लागेल. तेव्हाही फोन देताना त्यांच्या केबलने, त्यांच्या संगणकावर, आपल्या समोर जोडून दाखवायला सांगा, आणि जमा पावतीवर ‘ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय डेटा पुसू नये’ असे त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. ते नकार देत असतील तर फोन परत घेऊन दुसरीकडे जावे. सर्व केंद्रे अशी असतात असे माझे म्हणणे नाही, चांगली माणसेही भेटतात, पण लिहून घेतल्याने त्यांचेही काही बिघडत नाही.

फोनचे मॉडेल, केबल कशाबरोबर आलेली आहे आणि फोन जोडल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेमके काय उमटते, हे कळवलेत तर पुढचे सांगता येईल. तोवर फोन कोणाच्या हाती देऊ नका, ही विनंती.