पॅरलल आर्किटेक्चरमध्ये पीएचडी करायला इलिनॉयला येऊ का?

तू विचारलंस, की पुण्यात चिप व्हेरिफिकेशनची (चिपची रचना बरोबर चालते का हे तपासण्याची) नोकरी सुरू आहे, लग्न झालंय, आता मल्टिप्रोसेसरवर, म्हणजे अनेक प्रोसेसर एकत्र काम करणाऱ्या यंत्रांवर, संशोधन करायचंय. तर अमेरिकेत आधी एमएस करू की थेट पीएचडी, आणि इलिनॉय विद्यापीठ कसं आहे? आपलं कॉलेज एकच, म्हणून सरळ अरे-तुरे करतेय.

संशोधनच करायचं हे पक्कं असेल तर थेट पीएचडीला अर्ज कर. एमएसची फी बहुतेकांना पदरची भरावी लागते. कर्ज काढलं की पहिल्या सेमिस्टरपासूनच मुलं इंटर्नशिपच्या मागे धावतात आणि संशोधन राहून जातं. पीएचडीत असिस्टंटशिप (विद्यापीठात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम) मिळाली तर फी माफ होते, वर मानधन मिळतं. अर्बाना-शॅम्पेनमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या गावात, त्यात एकट्याचं व्यवस्थित भागतं, दोघांची मात्र ओढाताण होते. बायकोला एफ-२ व्हिसावर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळतो तो) नोकरी करता येत नाही. हे अर्ज भरण्याआधी तिच्याशी बसून बोल, विमानतळावर नको.

आता इलिनॉयबद्दल. या विषयाची पाळंमुळं इथे खोल गेली आहेत. इलियाक-४ या सुरुवातीच्या पॅरलल सुपरकॉम्प्युटरची आखणी इथे झाली; बेत २५६ प्रोसेसरचा होता, बांधले गेले ६४. आणि १९७० च्या सुमाराला कॅम्पसवरच्या आंदोलनांमुळे ते यंत्र इथे न ठेवता कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रात गेलं. तू रोज ज्याच्या स्टेट तपासत असशील तो मेसी प्रोटोकॉल (वेगवेगळ्या प्रोसेसरच्या कॅशमधल्या, म्हणजे जवळच्या छोट्या मेमरीतल्या, प्रती जुळत्या ठेवण्याचे नियम) १९८४ मध्ये मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी इथूनच मांडला, म्हणून त्याला इलिनॉय प्रोटोकॉलही म्हणतात. सरिता अडवे इथेच शिकवतात. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थिनी. जावा आणि सी++ च्या मेमरी मॉडेलच्या (एका थ्रेडने मेमरीत लिहिलेलं दुसऱ्याला कधी दिसेल याच्या नियमांच्या) मुळाशी त्यांचं काम आहे.

पण विद्यापीठाच्या नावावर भाळू नकोस. पाच-सहा वर्षं तुझा संबंध येणार तो गाइडशी. इस्का, मायक्रो, एचपीसीए आणि अ‍ॅस्प्लॉस या आपल्या विषयातल्या मोठ्या परिषदांतले त्यांचे अलीकडचे पेपर काढ, पहिलं नाव कुणाचं आहे बघ, आणि त्या विद्यार्थ्यांना थेट लिही: गाइड आठवड्याला भेटतात का, पेपर नाकारला गेला तर पाठीशी उभे राहतात का? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

बहुतेक वेळ सिम्युलेटरमध्ये, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जातो, हे कुणी आधी सांगत नाही. जेम५ या सिम्युलेटरवर खऱ्या मशीनचं एका सेकंदाचं काम बारकाईनं चालवायला तासन् तास, कोअर वाढले तर दिवसही लागतात. त्यामुळे नवी कल्पना सुचण्याइतकंच महत्त्व आहे ते नेमकं काय मोजायचं हे कळण्याला.

ते तू पुण्यात बसून आजपासून शिकू शकतोस. एका प्रोग्रामचे दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे भाग) घे, प्रत्येकाला आपापला काउंटर दे आणि दोन्ही काउंटर एकाच स्ट्रक्टमध्ये शेजारी ठेव. कुणी कुणाच्या डेटाला हात लावत नाही, तरी प्रोग्राम रखडतो, कारण ६४ बाइटची एकच कॅश लाइन (कॅशमध्ये एका वेळी येणारा मेमरीचा तुकडा) दोन कोअरमध्ये सारखी इकडून तिकडे ओढली जाते. आता मधे पॅडिंग (रिकामी जागा) घालून पुन्हा चालव. मग लिनक्सवर 'पर्फ सी२सी' हे मोजमापाचं साधन लावून दोन्ही वेळचे आकडे शेजारी मांड. ती लाइन नावानिशी सापडते. मला आजही यात तितकीच मजा येते, आणि तुला ती आली नाही तर इकडे येण्याचा पुन्हा विचार कर.

अर्जाची मुदत साधारण डिसेंबरमध्ये संपते, तेव्हा तीन शिफारसपत्रांसाठी सरांना दिवाळीआधीच गाठ. एक पत्र नोकरीतल्या मॅनेजरचं चालेल, तिन्ही नकोत. संशोधनाची कुवत ओळखणारं कुणीतरी हवं. प्रोफेसरांना मेल करशील तेव्हा 'आपल्या कामाने भारावून गेलो' असलं काही लिहू नकोस, तसल्या मेल रोज येतात. त्यांच्या एका पेपरमधला एखादा ग्राफ घे, तो तुला का पटला नाही किंवा त्यापुढे तू काय मोजून पाहिलंस ते चार ओळींत लिही. मसुदा झाला की मला पाठव, मी वाचून देते.