‘विंडरश’मध्ये वारा नाही

प्रश्न असा आला आहे: ‘विंडरश जनरेशन’ला, म्हणजे १९४८ पासून कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये येऊन राहिलेल्या पिढीला, मराठीत ‘वाऱ्याबरोबर आलेली पिढी’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. हे भाषांतर मी तिसऱ्यांदा वाचतोय आणि दर वेळी संताप होतो. वाऱ्याबरोबर पालापाचोळा येतो. ही माणसं २८-२८ पौंडांचं तिकीट काढून आली होती. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून जमैका, त्रिनिदादची शेकडो माणसं टेम्सकाठच्या टिलबरीला उतरली, तीही ब्रिटिश प्रजाजन म्हणून.

जहाजाला नाव दिलं होतं एका नदीचं. ही विंडरश ऑक्सफर्डशायरमधून वाहत जाऊन टेम्सलाच मिळते. नाव केल्टिक; नामशास्त्रज्ञ त्याचा अर्थ ‘पांढरी पाणथळ’ असा लावतात. ‘विंदो’ म्हणजे पांढरा. वेल्शमधला ‘ग्विन’ त्याचाच वंशज. ब्रिटनमधली कृष्णवर्णीय पिढी ज्या नावाने ओळखली जाते, त्याच्या पोटात ‘पांढरा’ बसलाय!

आणखी मागे चला. हा ‘विंदो’ आपल्या संस्कृत ‘विद्’ धातूचा भाऊबंद असावा: जे दिसतं ते उजळ, उजळ ते पांढरं. म्हणजे गोविंदातला ‘विंद’, गाई शोधून काढणारा, याच घरातला. ‘गोविंद’ हा ‘गोपेंद्र’चा अपभ्रंश असं सांगणारे पंडित आहेत. मला ते साफ अमान्य आहे. ‘विन्दति’ (शोधून मिळवतो) समोर उभा असताना ‘प’चा ‘व’ करा, ‘र’ गाळा, ही कसरत कशाला?

जहाज आधी जर्मनांचं होतं, तेव्हाचं नाव ‘मोंटे रोझा’. तेही फसवं. हे आल्प्समधल्या डोंगराचं नाव, आणि त्यातला ‘रोझा’ गुलाबी नव्हे, तिथल्या बोलीतला हिमनदीचा शब्द.

तर, ‘विंडरश पिढी’च म्हणा. ‘बेकायदा स्थलांतरित’ तर मुळीच नको. त्या शिक्क्यानेच घात केला. कित्येक मुलं आईवडिलांच्या पासपोर्टवर आली होती, स्वतःचा कागद नव्हता. बोटीवरून उतरतानाची त्यांची कार्डं गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली. पुढे नियम कडक झाले. घरमालक, दवाखाना, नोकरी, जो तो कागद मागू लागला. १९७३ पूर्वी आलेल्या, राहण्याचा हक्क असलेल्या किमान ८३ जणांना देशाबाहेर काढल्याचं सरकारलाच कबूल करावं लागलं.

आणि ‘विंड-रश’ असं मध्ये रेघ देऊन लिहू नका. शब्दाचा सांधा तिथेच आहे खरा, पण रेघ दिली की ‘विंड’ म्हणजे वाराच वाटतो.