वाचकांचे प्रश्न : कार्ड लावलं की पीसी सुरूच होत नाही

प्रश्न : जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड लावून बटण दाबलं की पंखे जेमतेम हलतात आणि सगळं बंद पडतं. कार्ड काढलं की पीसी नीट सुरू होतो. मल्टिमीटर बीपवर ठेवून तपासलं, तर मोठ्या कॉइलवर सगळीकडे बीप वाजतो. चिपच गेली का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बीपवर विसंबून चिपला मृत ठरवू नका. बहुतेक मीटरचा बीप वीस-तीस ओहमच्या खाली वाजतोच, आणि कोअरचा (मुख्य चिपला वीज देणाऱ्या लाइनचा, त्या मोठ्या कॉइल याच लाइनवर असतात) ग्राउंडशी रेझिस्टन्स मुळातच त्याहून खूप कमी असतो. या चिपमध्ये सुमारे ४४० कोटी ट्रान्झिस्टर एकमेकांना समांतर बसलेले आहेत. मध्यम चिपवर एखाद-दोन ओहम, मोठ्या चिपवर अर्ध्या ओहमच्याही खाली रीडिंग येणं साहजिक आहे. चांगलं कार्ड ‘शॉर्ट’ म्हणून भंगारात जातं ते बहुधा इथेच.

कार्ड पीसीतून काढा आणि मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येईल (साधारण ०.२ ते ०.४), तो प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचा. काळा प्रोब कार्डच्या लोखंडी पट्टीवर, तोच ग्राउंड. लाल प्रोब आधी ६ पिनच्या सॉकेटात, खटक्याच्या विरुद्ध बाजूच्या पिनांवर. तिथे १२ व्होल्ट येतात. मग स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्यांपैकी लोखंडी पट्टीजवळच्या पहिल्या तीनवर, चिप असलेल्या बाजूने. या दोन लाइन पुष्कळदा वेगळ्या असतात, म्हणून दोन्ही मोजा. धडधाकट कार्डवर रीडिंग २०० ओहमच्या पार पुढे जातं. रेंज वाढवली की ते किलोओहममध्ये दिसेल. तुमच्या लक्षणांवरून एका लाइनवर दोन-चार ओहम किंवा त्याहून कमी दिसण्याची शक्यता जास्त.

आता खरं महत्त्वाचं माप : एक प्रोब त्याच १२ व्होल्टवर आणि दुसरा कोअरच्या कॉइलवर. हे रीडिंग शून्याजवळ आलं, तर १२ व्होल्ट आणि कॉइल यांच्या मधला एखादा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा स्विच) आरपार गेला आहे, म्हणजे जेमतेम एका व्होल्टवर चालणाऱ्या कोअरला थेट १२ व्होल्टची वाट मोकळी झाली. याची आणखी एक खूण आहे. १२ व्होल्ट ते ग्राउंड आणि कोअर ते ग्राउंड हे दोन आकडे जवळजवळ सारखे येतात, कारण करंट मॉस्फेटमधून कोअरवाटेच ग्राउंडला पोचतो. याउलट १२ व्होल्ट ते ग्राउंड शून्य आणि १२ व्होल्ट ते कोअर साधारण कोअरच्या रीडिंगइतकंच असेल, तर संशय सिरॅमिक कपॅसिटरवर घ्या. तसं असेल तर कोअर बहुधा वाचलेला असतो.

मॉस्फेट गेला असला तरी लगेच आशा सोडू नका. पॉवर सप्लाय वेळेत बंद पडला असेल तर कोअर वाचलेला असू शकतो. खराब मॉस्फेट काढून कोअर पुन्हा मोजा. प्रोबचा आकडा वजा केल्यावर सपाट शून्य उरलं, तर मात्र पुढचा खर्च करू नका.

प्रश्न : दुरुस्तीचं दुकान आहे. १२ व्होल्ट लाइन ग्राउंडला शॉर्ट आहे, कोअर शॉर्ट नाही. बेंच सप्लायने (व्होल्टेज आणि करंटची मर्यादा ठरवता येणारा पॉवर सप्लाय) १ व्होल्ट, ३ अँपिअर दिले तरी काहीच गरम होत नाही. व्होल्टेज वाढवू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : व्होल्टेज नाही, करंट वाढवा. समजा शॉर्ट ०.०५ ओहमचा आहे. ३ अँपिअरला तिथे ०.४५ वॅटच उष्णता होते, आणि बोर्डाचं तांबं ती पसरवून टाकतं. १० अँपिअरला तीच ५ वॅट होते, व्होल्टेज मात्र अर्ध्या व्होल्टवरच राहतं. क्लिपमध्येच व्होल्टेज मरू नये म्हणून जाड, आखूड वायर सोल्डर करून जोडा. बोर्डावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल पसरवा. जिथे आधी वाळेल तिथे दोष.

एका जागी हमखास फसगत होते. लाइनच्या तोंडाशी ‘आर००५’ (म्हणजे ०.००५ ओहम) छापलेला रेझिस्टर असतो. १० अँपिअरला त्यातही अर्धा वॅट जातो, तोही तापतो आणि बिचारा दोषी ठरतो. करंट त्याच्या पुढच्या बाजूने द्या.

सिरॅमिक कपॅसिटर बहुधा बोर्ड वाकल्याने तडकतो, म्हणून स्क्रूजवळचे आणि जड कार्ड जिथे लोंबतं तिथले आधी पाहा. बदली तेवढ्याच आकाराचा, सहसा १० मायक्रोफॅरड, एक्स५आर किंवा एक्स७आर प्रकारचा, शक्यतो २५ व्होल्टचा घ्या. १६ व्होल्टचा चालतो, पण डीसी व्होल्टेजखाली सिरॅमिकची क्षमता घटते. चाचणीपुरती एक जागा रिकामी राहिली तरी बिघडत नाही.

काढताना खालून १२० ते १५० अंशांचं प्रीहीट द्या, भरपूर फ्लक्स लावा. कंपनीचं शिशाविरहित सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळतं. आधी त्यात १८३ अंशांना वितळणारं शिशाचं सोल्डर मिसळून घेतलं की कमी उष्णतेत भाग सुटतो. कार्डात मॉस्फेट गेलेला असेल तर नवा बसवण्याआधी त्याचा ड्रायव्हरही (मॉस्फेटला चालू-बंद करवणारी चिप) तपासा. सगळ्या फेजच्या (कोअरला वीज देणाऱ्या एकसारख्या संचांच्या) गेटचं, म्हणजे मॉस्फेटला इशारा मिळतो त्या पिनचं, रीडिंग ताडून पाहा. एखादाच वेगळा निघाला तर तिथला ड्रायव्हरही गेला आहे, आणि नवा मॉस्फेट पहिल्याच बटणाला उडेल.

प्रश्न : १२ व्होल्टचा फ्यूज उडाला आहे. तिथे तार टाकून चालेल? – एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. फ्यूजच्या पुढचा शॉर्ट आधी शोधा, मग त्याच अँपिअरचा फ्यूज टाका. तारेमुळे पॉवर सप्लायचा सगळा करंट बोर्डात शिरतो आणि आतले तांब्याचे थर जळतात. ते दुरुस्त होत नाहीत. काम झाल्यावर कार्ड थेट मदरबोर्डवर लावण्याआधी बेंच सप्लायने १२ व्होल्ट, १ अँपिअरची मर्यादा ठेवून द्या. करंट लगेच मर्यादेला टेकून तिथेच राहिला, तर शॉर्ट अजून आत आहे.