हायब्रिड रॉकेट मोटर ठिणगीशिवाय पेटू शकते का?

हो, इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) यांची जोडी तशी निवडली तर. हायब्रिडमध्ये इंधन घन आणि ऑक्सिडायझर बहुधा द्रव असतो. नेहमीचं एचटीपीबी हे रबरासारखं इंधन नायट्रस ऑक्साइड या ऑक्सिडायझरच्या नुसत्या स्पर्शाने पेटत नाही, त्याला आधी ज्योत द्यावीच लागते. पण अमाइन (नायट्रोजन असलेली सेंद्रिय संयुगं) वर्गातल्या काही इंधनांवर तीव्र नायट्रिक आम्ल पडलं की आपोआप भडका उडतो. फ्रान्सच्या ओनेरा या विमान-अवकाश संशोधन संस्थेचं लेक्स रॉकेट १९६७ मध्ये असंच उडालं. मला यातली खरी मोठी सोय वाटते ती ही, की झडप बंद करून मोटर विझवता येते आणि पुन्हा उघडली की ती परत पेटते, वेगळा इग्नायटर (पेटवणारं साधन) लागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सुरुवातीला मोटरमध्ये ट्रायइथिलबोरेन या आपोआप पेटणाऱ्या द्रवाचं मिश्रण सोडायचं. ऑक्सिजन मिळताच ते हिरव्या ज्वाळेने पेटतं. मात्र ते साध्या हवेतही पेट घेतं, त्यामुळे घरगुती प्रयोगात अजिबात नको.