अपोलोचे नॉर गेट घरी बांधताना

प्रश्न : अपोलो यानाच्या मार्गदर्शन संगणकातले नॉर गेट (सगळी इनपुट शून्य असतील तरच आउटपुट उंच देणारे सर्किट) बीसी५४७ ट्रान्झिस्टर वापरून बांधले. एकटे गेट चालते, पण त्याच्या आउटपुटला पुढची चार गेट जोडली की एकदोनच चालू होतात. कुठे चुकते?

उत्तर : तुम्ही आउटपुट थेट पुढच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडले असावे. (ट्रान्झिस्टरला तीन पाय : बेसमधला छोटा प्रवाह कलेक्टरकडून एमिटरकडे जाणारा मोठा प्रवाह चालू करतो.) मीटर लावून पाहा. आउटपुट उंच (म्हणजे १) असताना ०.६ ते ०.७ व्होल्टच दिसले तर दोष हाच. प्रत्येक ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज किंचित वेगळा असतो. ज्याचा सर्वांत कमी, तो जवळपास सगळा प्रवाह ओढतो आणि बाकीचे उपाशी राहतात. म्हणून प्रत्येक बेसला स्वतंत्र रेझिस्टर हवाच. मूळ चिपमध्येही तो होता.

एका गेटला तीन ट्रान्झिस्टर घ्या. तिन्ही कलेक्टर एकत्र करून ३.३ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ४ व्होल्टला जोडा (हेच आउटपुट), एमिटर ग्राउंडला, आणि प्रत्येक बेसला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. आउटपुटला पुढच्या गेटची पाच इनपुट जोडली तरी प्रत्येक बेसला सुमारे ०.१६ मिलिअँपिअर मिळतो. कलेक्टरचा प्रवाह १.१५ मिलिअँपिअर, म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण चालू व्हायला बेसचा हा प्रवाह भरपूर आहे. न वापरलेले इनपुट ग्राउंड करा. दर दोनतीन गेटमागे १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर पुरवठ्यावर बसवा.

बदली म्हणून पीएन२२२२ए ट्रान्झिस्टर घेतलात तर पाय तपासा : बीसी५४७च्या तुलनेत कलेक्टर आणि एमिटर उलट बाजूंना असतात.

मूळ संगणकाचे १.०२४ मेगाहर्ट्झचे घड्याळ (गेटांना ताल देणारे ठोके) सध्या विसरा. हे ट्रान्झिस्टर पूर्ण चालू झाले की बंद व्हायला वेळ घेतात. १ किलोहर्ट्झपासून सुरुवात करा.