कोपनहेगनहून एरोस्कोबिंग (डेन्मार्कच्या एरो बेटावरचं गाव) एका दिवसात होईल का? आणि गाडी भाड्याने घ्यावी का?

होईल, पण करू नका. रेल्वेने कोपनहेगन ते ओडेन्स साधारण दीड तास, तिथून स्वेनबोर्ग पाऊण तास, पुढे बेटापर्यंत सव्वा तास फेरी बोट. मधली थांबाथांब धरली तर जाण्यातच चार तास जातात. गावात मिळतात जेमतेम तीन-चार तास, तेही घड्याळाकडे बघत. एक रात्र राहाच.

गाडी मात्र अजिबात नेऊ नका. आमच्या दादाचं एकच पालुपद असतं, "परदेशात गाडीशिवाय हाल होतात." इथे हाल गाडीवाल्याचे होतात! पायी जाणाऱ्याला फेरीवर सहसा आधी जागा धरावी लागत नाही, गाडीला लागते, आणि जुलैत सोयीच्या वेळा आधीच भरतात. बुकिंग नसेल तर स्टँडबायच्या रांगेत थांबायचं, डेकवर जागा उरली तरच आत. परतीच्या शेवटच्या फेरीला असं झालं तर मुक्काम बेटावरच. त्यापेक्षा रेल्वेने या. स्वेनबोर्ग स्टेशनपासून धक्का चालत काही मिनिटांवर आहे. बेटावर ७९० नंबरची बस फुकट आहे. सोबी, एरोस्कोबिंग, मार्स्टाल ही तिन्ही गावं तिच्यावर होतात. मार्स्टालला उतराच: १८२५ पासून गावकऱ्यांनी स्वतः मोठाले दगड रचून बांधलेला बंधारा अजून बंदर राखतोय.

एरोस्कोबिंगच्या गल्ल्यांत गोटे बसवलेत, चाकांची बॅग अडकते, तेव्हा सॅक घ्या. घरं सावकाश बघा. काही खिडक्यांबाहेर दोन छोटे आरसे कोनात लावलेले दिसतील. आत बसल्या बसल्या गल्लीची दोन्ही टोकं दिसावीत म्हणून. धक्क्याजवळचं छोटं कोगेहुसेट, म्हणजे स्वयंपाकाचं घर, चुकवू नका. लाकडी जहाजं बंदरात असताना आगीच्या भीतीने त्यांच्यावर चूल पेटवायला मनाई असे, म्हणून खलाशी इथे येऊन रांधत. फ्लास्के-पेटर या जहाजावरच्या आचाऱ्याने बाटल्यांत उभारलेली जहाजं स्मेडेगाडे या रस्त्यावरच्या जुन्या गरीबघरात मांडली आहेत. त्याने अशी सुमारे १७०० केली.

हे सगळं मे ते सप्टेंबरसाठी. हिवाळ्यात संग्रहालयं बरीचशी बंद असतात, जेवणाच्या जागाही मोजक्याच उघड्या. आणि सोबत गुडघे दुखणारं कुणी असेल, तर दादाचं खरं माना, गाडी न्या. फक्त फेरीचं बुकिंग जातानाचं आणि येतानाचं, दोन्ही निघण्याआधीच करा.