‘मला राग आला’ आणि ‘मी रागावलो’ दोन्हीला एकच लेबल?

इथे नागपुरातच इंजिनीअरिंग करणाऱ्या एका मुलीने विचारलंय, की कॉम्प्युटर मॉडेलला भावना ओळखायला शिकवण्याच्या प्रोजेक्टसाठी ती मराठी कमेंट्सना भावनांची लेबलं लावतेय, तर ‘मला राग आला’ आणि ‘मी रागावलो’ दोन्हीला नुसतं ‘राग’ लावलं तर चालेल का.

माझ्या मते नाही चालणार.

‘मला राग आला’ यात मी कर्ताच नाही, राग कर्ता आहे, तो आला. आपल्याकडे ‘मले राग आला’ म्हणतात तेही तेच. हे फक्त मराठीत नाही, हिंदीत ‘मुझे गुस्सा आया’, तेलुगूत ‘नाकु कोपम वच्चिंदी’, सगळीकडे राग बाहेरून चालत येतो. आणि मला एखाद्याचा राग येतो हे त्याला जन्मभर कळणारही नाही कदाचित. पण ‘मी त्याच्यावर रागावलो’ म्हटलं की त्याला बोलणी बसली! शाळेत ‘बाई रागावतील’ म्हणतो तेव्हा बाईंच्या मनात काय चाललंय हा विषयच नसतो, बाई ओरडतील एवढाच अर्थ. म्हणजे एक अनुभव आणि दुसरी कृती. पुढे राग धरला, राग गिळला, ऑफिसातला राग घरी पोरांवर काढला, प्रत्येकात माणूस रागाशी वेगळं काहीतरी करतोय. आणि रुसणं तर घे, रुसता येतं फक्त आपल्या माणसावर, त्याने येऊन समजूत काढावी ही अपेक्षा त्यातच असते, म्हणून जावई रुसतो, पण बँकेच्या मॅनेजरवर कोणी रुसत नाही. याला ‘राग’ लावायचं की ‘दुःख’? दोन्ही चूक.

आता ही लेबलं येतात कुठून ते बघ. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी 1960च्या दशकाच्या शेवटी पापुआ न्यू गिनीत चेहऱ्यांचे फोटो दाखवून काम केलं, त्या परंपरेतून राग, भीती, दुःख, आनंद, किळस, आश्चर्य ही सहा आली आणि मॉडेलवाल्यांनी ती सोयीची म्हणून उचलली. 2020चा गुगलचा गोइमोशन्स डेटासेट, 58 हजार इंग्रजी रेडिट कमेंट्स, 27 भावना, त्यात रुसणं नाही. कॅनडाच्या एनआरसी या संशोधन संस्थेचा भावनाकोश, म्हणजे कुठल्या शब्दात कुठली भावना याची यादी, मराठीत मिळतो, पण तो इंग्रजी शब्दांवर लोकांनी दिलेला कौल आहे, शब्द तेवढे गुगल ट्रान्सलेटने बदललेत. मला हे फार खटकतं, कारण शब्द आपला दिसतो आणि निवाडा दुसऱ्याच भाषेतला असतो. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने साधारण 16 हजार मराठी ट्विट्सचा महासेंट हा डेटासेट केला, तो अस्सल मराठी, मोठंच काम आहे, पण लेबलं तीनच, सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ.

तिथे आपली नागपूरची मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, अडते बघ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हजारो लोक ‘महागाई घेऊन जा गे मारबत’ ओरडत नाचत असतात, तक्रार खरी आणि आनंदही खरा, एका खान्यात बसवणार कसं?

सगळंच वेगळं असतं असंही नाही म्हणा. 2019मध्ये सायन्स मासिकात 2474 भाषांचा अभ्यास आला होता, त्यात कुठल्या भावना कुठल्या भावनांशी एका शब्दात जोडल्या जातात हे भाषाकुळांनुसार खूप बदलतं असं निघालं, पण सुखद-दुःखद आणि शांत-खवळलेलं हे दोन अक्ष बहुतेक ठिकाणी टिकले.

म्हणून लेबल ‘राग’ ठेव हवं तर, पण बाजूला अजून दोन कॉलम घे, आला की केला, आणि कोणाचा की कोणावर. भावनांची वर्गवारी करणारं 1988चं ओसीसी (ऑर्टनी, क्लोर, कॉलिन्स) मॉडेल वाच, ते भावना घटनेवर आहे, कोणाच्या वागण्यावर की वस्तूवर हे आधी विचारतं, मराठीला ते जास्त मानवेल. आणि लेबलं लावायला नागपूरची माणसंही घे, नाहीतर ‘काहून बे, कुठं होता?’ या दोस्तीतल्या विचारण्याला बाहेरचा कोणीतरी भांडण म्हणून टाकेल आणि मॉडेल तेच शिकेल.